छिटाचं पाखरू आणि सासूबाईंचा सन

मी पाखरं बघायला लागलो ते दम लागतो म्हणून. डॉक्टरांनी रोज सकाळी चालायला सांगितलं होतं. रस्त्यात मधेच थांबून धापा टाकणारा माणूस दिसला की लोक चौकशी करतात, पाणी देतात. एका भल्या गृहस्थाने तर मला बळेच रिक्षात बसवून घरी पाठवलं होतं. पण तोच माणूस झुडपापुढे वाकून, डोळे बारीक करून धापा टाकत असला, तर लोक त्याला अभ्यासक समजतात आणि वळसा घालून जातात. हे लक्षात आल्यावर मी झुडपांपुढे वाकायला लागलो. आणि वाकलं की काही ना काही दिसतंच.

मला दिसलं ते एक पांढरं पाखरू. करंगळीच्या पेराएवढं. पंखांवर काळे आणि लाल ठिपके असे बसवलेले, की कोणी छिटाच्या कापडावर छपाई केली असावी. दिसलं म्हणेपर्यंत गवतात बुडून गेलं. माझं नागपुरात चष्म्याचं दुकान आहे. तिथे येणाऱ्या एका निवृत्त प्राध्यापकांना मी त्याचं वर्णन सांगितलं, तर ते चष्म्याची काच बदलायची विसरून तासभर बोलत बसले. हे फुलपाखरू नव्हे, पतंग. पण दिव्याभोवती फिरणाऱ्या बाकी पतंगांसारखं नाही. हे भर उन्हात उडतं. याची अळी खुळखुळ्याची आणि सनाची पानं-शेंगा खाते. त्या झाडांमधलं कडू विष अंगात साठवून ठेवते, म्हणून पाखरू झाल्यावरही त्याला कोणी पक्षी तोंड लावत नाही. "एक-दोन काय बघता? उंचावरच्या मोकळ्या गवताळ माळावर जा. बालाघाटकडे 'दादर' म्हणतात ना, डोंगराच्या माथ्यावरची सपाट गवताळ जागा? तिथे खुळखुळा असेल तर हेही असेल," ते म्हणाले.

बालाघाट! माझी सासुरवाडीच परसवाड्याजवळ. मी त्याच संध्याकाळी घरी जाहीर केलं की दिवाळी झाली की आपण तुझ्या माहेरी जातोय.

सुनंदाने, म्हणजे माझ्या बायकोने, भाजी निवडता निवडता मान वर केली. "मी दरवर्षी म्हणते तेव्हा तुमचं दुकान आडवं येतं. आता पाखरानं बोलावलं तं लगेच तिकीट?"

मी तिकिटं काढली.

परसवाड्याच्या अलीकडे

गोंदियाला गाडी बदलली की सुनंदाचं मराठी आमच्या आधी माहेरी पोचतं. नागपूरहून निघताना "पाण्याची बाटली घेतली का?" म्हणणारी बाई बालाघाट स्टेशनावर "पानी घेतलं काय जी?" म्हणायला लागते आणि पुढच्या बसमध्ये कंडक्टरशी तिचं जे सुरू होतं, त्यातलं कुठलं वाक्य मराठीत सुरू होऊन कुठलं हिंदीत संपलं, ते तिचं तिलाही सांगता येणार नाही. बस घाट चढत होती. दोन्ही बाजूंना साल वृक्षांची गर्दी, आणि मधेच झाडी फाटून पिवळ्या पडलेल्या धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली शेतं. सगळीकडे धानाची कापणी जोरात चालली होती.

गावात उतरलो तेव्हा माझा साळा मनोहर मोटारसायकल घेऊन उभाच होता. त्याच्या शर्टाला धानाचं तूस चिकटलेलं. "जय भीम, भाऊजी! चाला, मायनं कवाचं पानी तापवून ठेवलं."

इथे माझ्या सासूबाईंबद्दल सांगायला हवं, कारण ही गोष्ट त्यांची आहे. मी नुसता बॅग घेऊन गेलो होतो. सासूबाई बारीक, उंच, आणि कामाला वाघीण. पण जावयाशी थेट बोलायचं नाही, हा त्यांचा जुना नेम. लग्नाला इतकी वर्षं झाली, मला नात होण्याचं वय आलं, तरी तो मोडलेला नाही. मी समोर बसलेला असलो तरी त्या पदर सावरून सुनंदाकडे बघणार आणि म्हणणार, "जवाईबापूले विचार, भात वाढू काय?" मी म्हणणार, "थोडा." सुनंदा म्हणणार, "थोडा म्हंतात." मग त्या वाढणार. टपाल असं एका हाताच्या अंतरावरून फिरून येतं. शेतात, बाजारात, ग्रामपंचायतीत ज्यांचा आवाज खणखणीत ऐकू येतो, त्या बाई माझ्यासमोर कुजबुजतात. आणि त्यांच्या घरात जावयाला तीन गोष्टींची बंदी आहे : काम करणं, रिकामं ताट ठेवणं, आणि नाही ऐकणं. तिसरीचा अर्थ मला या खेपेला कळला.

पहिल्या दिवशी कोचईच्या, म्हणजे अळूच्या, पानांच्या वड्या, नव्या तांदळाचा भात आणि लाखोळीच्या डाळीचं वरण झालं. जेवताना मी येण्याचा हेतू सांगितला. सासूबाईंनी तो नीट ऐकून घेतला आणि सुनंदाला विचारलं, "पाखरू पाहाले नागपुरून आले? नागपुरात पाखरं नाई काय?"

"हायेत," सुनंदा म्हणाली, "पन ते म्हंतात इथलं पाखरू दिवसा उडते."

"मंग बाकीचे काय झोपून उडतात?" सासूबाई म्हणाल्या. यावर मनोहरला ठसका लागला.

दादर

दुसऱ्या दिवशी पहाटे एका कोंबड्याने जीव तोडून बांग दिली. मी कौतुकाने ऐकली. त्याची ती शेवटची बांग ठरेल आणि संध्याकाळी तो मला ताटात भेटेल, हे त्याला माहीत नव्हतं आणि मलाही. जावयाचा पाहुणचार.

मनोहर मला घेऊन निघाला. खरं तर त्याचा अर्धा धान उभा होता आणि मजूर येऊन थांबले होते, पण जावयाला एकट्याला डोंगरावर कसं पाठवणार? मी म्हणालो, "मनोहर, तू कापणीला जा, मी जातो." तो म्हणाला, "भाऊजी, गाव मले काय म्हनन?" आणि विषय संपला. पायथ्याच्या पाड्यात गाडी लावून आम्ही चढायला लागलो. मी दर वळणावर झुडपापुढे वाकत होतो. मनोहर पहिल्या दोन वेळा कुतूहलाने माझ्या शेजारी वाकला. तिसऱ्या वेळी त्याला खरं कारण कळलं आणि तो न बोलता दगडावर बसून राहिला. चांगल्या घरची माणसं अशी असतात.

माथ्यावर पोचल्यावर मात्र माझा दम आपोआप विरला. चढताना अंगावर येणारं जंगल एकदम संपतं आणि पुढे नुसतं गवत. कमरेएवढं, सोनेरी, आणि वारा आला की सगळं एका बाजूला झुकून परत उठणारं. झाड म्हणावं असं काही नाही, आणि आभाळ इतकं मोठं की आपण विनाकारण ताठ उभे राहतो. गवतात जागोजागी खुळखुळा उभा होता : पिवळी फुलं, फुगीर शेंगा. पिकलेल्या शेंगेत बी सुटं होतं आणि वाऱ्यावर वाजतं. सगळा माळ बारीक बारीक वाजत होता, जणू कोणी तान्ह्या पोरांचं भलंमोठं वसतिगृह उघडलंय.

फक्त पाखरू नव्हतं.

मी चार तास शोधलं. पांढरं काही हललं की धावलो. एकदा तो भुरा उडालेला गवताचा तुरा निघाला. एकदा बिस्किटाच्या पुड्याचा तुकडा. त्याच्यावर तर लाल ठिपकेही होते आणि त्याच्यावर मी दोन्ही हातांनी झेप घेतली होती. गवत कापणारी एक म्हातारी बाई हे सगळं बघत होती. शेवटी तिने विळा खाली ठेवून विचारलं, "क्या गिर गया, भैया?"

"तितली ढूँढ रहा हूँ," मी म्हणालो. मध्य प्रदेशात पतंग म्हटलं तर लोक आभाळात दोरा शोधतात, म्हणून मी तितली म्हणालो.

तिने गंभीरपणे विचारलं, "यहीं गिरी थी?"

ती माझ्याबरोबर गवत सारून बघायला लागली. थोड्या वेळाने थांबून म्हणाली, "मिल जाए तो हमें भी दिखाना," आणि कामाला लागली. मनोहर तोंडावर गमछा धरून पाठमोरा बसला होता. त्याची पाठ हलत होती.

उतरताना मी एकदाच पडलो. तेही बसून पडलो, त्यामुळे त्याची गणती धरू नये.

मागच्या धुऱ्यावर

घरी आलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. सुनंदाने माझ्याकडे पाहिलं, पँटला मागून लागलेली माती पाहिली, आणि मागच्या दारी हातपाय धुवायला पाणी काढलं. मी चूळ भरली, तोंड पुसलं, आणि सहज समोर बघितलं.

घरामागे बांधी आहे आणि तिच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, सनाची एक रांग. सन म्हणजे आपल्याकडे ज्याला ताग म्हणतात तो. पुरुषापेक्षा उंच, सरळ काड्या, आणि टोकाला पिवळी फुलं. बाकीचा सन कापून तळ्यात कुजत घातलेला होता, धुऱ्यावरची तेवढी रांग उभी होती. आणि तिच्यावर, कलत्या उन्हात, ठिपक्या-ठिपक्यांची पांढरी पाखरं. एक नाही, दोन नाही. फुलावर, शेंगेवर, काडीवर. उडत होती, बसत होती, एकमेकांच्या मागे लागत होती. घरापासून शंभर पावलांवरही नाही. डोंगर चढून, पडून, बिस्किटाचा पुडा पकडून मी ज्यांना शोधत होतो ती सगळी जमात इथे माझ्या सासुरवाडीला मुक्कामाला आली होती.

मी जी आरोळी ठोकली ती ऐकून मनोहर काठी घेऊन धावत आला. शेजारचे दोघे कुदळ घेऊन आले. "कुठी हाये? कुठी गेला?" सगळ्यांना साप वाटला होता. मी बोटाने दाखवलं. त्यांनी पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, मग काठ्या-कुदळी हळूच खाली ठेवल्या.

मी अलगद एक पाखरू चिमटीत धरलं. त्याने डोक्यामागून पिवळा फेस काढला, साबणाच्या बुडबुड्यांसारखा. माझं भाषण सुरू झालं : हा त्याचा बचाव, हा कडू असतो, म्हणून चिमण्या याला खात नाहीत. बोलण्याच्या भरात मी त्याच हाताने मिशी पुसली. तो कडूपणा जिभेवर जो बसला तो जेवणापर्यंत. कोंबड्याचा रस्सा पहिल्या घासाला मला कारल्याच्या रसासारखा लागला, चेहरा वाकडा झाला, आणि सासूबाईंनी तो पाहिला. पण ते नंतरचं.

आधी जे झालं ते असं. सासूबाई राखेची बादली घेऊन धुऱ्यावर आल्या होत्या. मी आनंदात होतो. आनंदात माणूस हुकूम सोडतो. मी सुनंदाला मोठ्याने म्हणालो, "सांग सगळ्यांना, या रांगेला कोणी हात लावायचा नाही! एकही अळी मारायची नाही. ही रांग मला हवी!"

सासूबाईंनी बादली खाली ठेवली. पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि सुनंदाला म्हणाल्या, "जवाईबापूले सांग, हौ म्हना."

मला वाटलं, किती समजूतदार माणसं.

तिसरा दिवस मी राजासारखा काढला. खुर्ची धुऱ्यावर ठेवली गेली. डोक्यावर छत्री बांधली गेली. मी भिंगातून बघत होतो, मोबाईलने फोटो काढत होतो, बहुतेक फोटोंत माझ्या अंगठ्याची उत्तम छायाचित्रं आली. अळ्या तर पाखरांपेक्षा देखण्या : काळ्या अंगावर पांढऱ्या रेघा, नारिंगी ठिपके, वर थोडे केस. घरची एक कोंबडी एका अळीला चोच मारून गेली, आणि नंतर चोच मातीवर घासत बसली. मी ते दृश्य शेजाऱ्यांना पुन्हा पुन्हा वर्णन करून सांगितलं. धान कापायला जाणारी माणसं वाट वाकडी करून मला बघायला येत होती. पाखरांना कोणी बघत नव्हतं.

दुपारी सुनंदा चहा घेऊन आली आणि माझ्या शेजारी उकिडवी बसली.

"ही रांग कशाची हाये, माहीत हाये काय तुमाले?"

"सनाची."

"बियाची हाये. बाकीचा सन दोरासाठी कापला, ही तेवढी बियासाठी ठेवली. मायनं लग्नात रामपायलीहून आपल्या माहेरचं बी पदराला बांधून आनलं होतं, तवापासून दरसाल एक रांग ठेवते. गावात दुसऱ्या कोनापाशी नाई हे बी. सगळे नायलॉनचा दोर आनतात वारासिवनीहून. पन पोरगं झालं कोनाच्या घरी, की पाळन्याचा दोर मायकूनच नेतात. सनाचा दोर लेकराले काचत नाई म्हंतात." ती थोडी थांबली. "आपल्या पोरीच्या पाळन्याचाही इथूनच आला होता."

"आता कुठे आहे तो?"

"बाल्कनीत. तुमच्या लुंग्या वाळतात त्याच्यावर."

मी चहा खाली ठेवला. एक शेंग हातात घेतली आणि माझं ते प्रसिद्ध भिंग लावून पाहिली. शेंगेला एक सुबक गोल भोक होतं. सोलली, आत बी नव्हतं. आत एक अळी होती आणि बाकी तिची विष्ठा. दुसरी सोलली, तीच कथा. सकाळपासून मी भोकांचे फोटो काढत होतो आणि भोकात काय चाललंय हे मला सुचलं नव्हतं. लोकांना स्पष्ट दिसावं म्हणून मी आयुष्यभर काचा विकल्या, त्यांचे पैसे परत करावेत असं वाटलं.

"अगं पण मग आई बोलल्या का नाहीत?"

"जवायाले नाई कसं म्हनन ते? तुमी मांगितली, तिनं देली. कोंबडा देला तशी रांग देली. रोज संध्याकाळी एकेक अळी येचून राख टाकत होती. तुमी म्हनले हात लावू नका, तं थांबली."

"आणि तू का नाही सांगितलंस?"

"मी पाहून राह्यलती," सुनंदा म्हणाली, "तुमाले कवा दिसते ते."

रुसलेला जावई

मी ताबडतोब उठलो, घरात गेलो आणि सर्वांसमोर सांगितलं की मला ती रांग नको, आईंनी वाटेल ते करावं.

याने सगळं मिटेल असं मला वाटलं, कारण मी शहरात राहतो. जावयाने एकदा मागितलेली वस्तू नको म्हणणं याचा त्या घरात एकच अर्थ होतो, आणि तो घरभर पसरायला चहा उकळायलाही वेळ लागला नाही. सासूबाईंचा चेहरा उतरला. मनोहर शेतातून निरोप मिळाल्यासारखा धावत आला. "भाऊजी, काही कमी पडलं काय?" मी म्हणालो, नाही. "मंग रुसले काहून?" मी म्हणालो, रुसलो नाही. रुसलेला माणूस हेच म्हणतो. आतून सासूबाईंचा आवाज आला, कुजबुजच, पण घाबरलेली : "काल रश्श्यानं तोंड वाकडं केलं व जवाईबापूनं. म्या तवाच वळखलं." मी पिवळ्या फेसाचा खुलासा करायला लागलो, तो कोणालाच पटला नाही, आणि अंगणात दुसऱ्या कोंबड्याची धरपकड सुरू झालेली मला ऐकू आली.

मी मागच्या दाराशी येऊन उभा राहिलो. समोर माझी पाखरं निवांत उडत होती. त्यांच्या खाली त्यांची पोरं माझ्या सासूबाईंचं माहेर कुरतडत होती. मागितलेलं परत करता येत नाही. मग मला एकच वाट दिसली : आणखी मागावं.

मी परत आत गेलो. छाती पुढे काढली. जावयासारखा आवाज लावला.

"सुनंदा, आईंना सांग. मला एक गोष्ट हवी आहे."

आत भांडी थांबली. अंगणात कोंबडाही थांबला असावा.

"मला त्या रांगेवरच्या अळ्या हव्यात. सगळ्या. एकूण एक वेचून, जिवंत, डब्यात भरून. मला त्या दादरावर न्यायच्या आहेत, तिथल्या खुळखुळ्यावर सोडायला. एकही मागे राहिलेली मला चालणार नाही."

सुनंदाने पदर तोंडाशी नेला. ती हसत होती की काय, मला बघायची हिंमत झाली नाही. सासूबाईंनी कपाळावरचा घाम पुसला आणि इतक्या मोकळ्या आवाजात म्हणाल्या की मनोहर दचकला : "सांग जवाईबापूले, हौ! डबा कोनता पायजे ते सांगा म्हना!"

जावयाची मागणी, म्हणून घर लोटलं. शेजारच्या दोघी आल्या. कापणीहून परतलेले मजूर, विळे कमरेला, धुऱ्यावर उभे राहून अळ्या वेचायला लागले. "दामादजी के लिए है, भाई, साबुत निकालना!" असं एकमेकांना बजावत होते. आणि मलाही वेचता येत होतं! ते काम नव्हतं ना, माझी हौस होती. इतक्या वर्षांत त्या घरात मी पहिल्यांदा हात मळवले. शेंगेच्या भोकातून अळी बाहेर काढायची, डब्यात टाकायची, पुढची शेंग. मी रंगात आलो. मनोहरच्या पुढे जायचं म्हणून भराभर ओढायला लागलो.

आणि तेव्हा मागून आवाज आला. बाजारातला, ग्रामपंचायतीतला, खणखणीत.

"ओ जवाईबापू! भोक नाई थ्या शेंगेले, तोडता काहून? चष्मे इकता ना तुमी? एक आपल्यालेही लावा ना जी!"

सगळे जागच्या जागी थिजले. मजुरांचे हात हवेत. सुनंदाने डोळे मोठे केले. माझ्या हातात एक चांगली, भरलेली, बिनभोकाची शेंग होती, देठासकट तुटलेली. मी मागे वळलो. सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. सुनंदाकडे नाही, माझ्याकडे. मग त्यांच्याच लक्षात आलं आणि त्यांनी दातांखाली जीभ धरली, पदर ओढला.

"हौ," मी म्हणालो.

त्यांनी पुढे येऊन माझ्या हातातून ती शेंग काढून घेतली, कमरेला खोचली, आणि शेजारच्या काडीवरची शेंग दाखवून, पुन्हा थेट मलाच, पण जरा हळू म्हणाल्या, "अशी धरा. बोटानं दाबून पाहा. पोकळ लागली का मंगच."

मी तशी धरली.

पुन्हा दादर

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि मनोहर निघालो. सासूबाईंनी मला त्यांचा झाकणाचा मोठा स्टीलचा डबा दिला होता. तोच, ज्यात सणाला अनारसे भरतात. आत सनाचा पाला आणि माझा आहेर. पायथ्याच्या पाड्यात खाटेवर बसलेले एक आजोबा मला बघून उठले. "दामादजी! ससुराल से डब्बा भर के ले जा रहे हो, हमारा मुँह मीठा नहीं कराओगे?"

असं विचारल्यावर डबा न उघडणं शोभत नाही. मी झाकण उचललं आणि पुढे केला. आजोबा वाकले. बराच वेळ बघत राहिले. मग सरळ होऊन, कुठलाही अपमान होऊ नये अशा बेताने म्हणाले, "हम तो अभी-अभी खा के बैठे हैं."

वर माळ तसाच वाजत होता. आम्ही एकेका खुळखुळ्यावर चार-चार अळ्या सोडल्या. कोवळ्या शेंगा मिळाल्यावर त्यांनी प्रवासाची तक्रार केली नाही. गवत कापणारी ती बाई दुरून ओरडली, "मिल गई क्या?" मी डबा उंच धरून दाखवला. ती आली, आत डोकावली, आणि म्हणाली, "ये तितली है?"

"होने वाली है," मी म्हणालो.

"अच्छा," ती म्हणाली, आणि जाताना त्या झुडपांभोवतीचं गवत न कापता सोडून गेली.

उतरताना मी पडलो नाही. कोणी विचारलं नाही, तरी नोंदवून ठेवतो.

नागपूर

परत आल्यावर मी पहिलं काम केलं ते बाल्कनीतला दोर सोडवण्याचं. धुतला, वाळवला, गुंडाळून कपाटात ठेवला. लुंग्यांसाठी नायलॉनचा आणला. सुनंदाने ते पाहिलं आणि एवढंच म्हणाली, की पोरीला अजून तसं काही नाही, घाई करू नका.

प्राध्यापकांना फोटो दाखवले. ते म्हणाले, अंगठा स्पष्ट आलाय.

सासूबाईंचा फोन महिन्यातून एकदा येतो. माझ्या मोबाईलवरच येतो, कारण सुनंदाचा कायम चार्जिंगला असतो. दरवेळी एकच पद्धत : मी "हॅलो" म्हणतो, पलीकडे शांतता, मग हळूच "सुनंदा हाये काय?" असं हवेला विचारल्यासारखं, आणि मी फोन पुढे करतो. परवा फोन आला. मी "हॅलो" म्हणालो. शांतता. मी सवयीने उठलो, स्वयंपाकघराकडे निघालो.

"जवाईबापू."

मी थांबलो.

"निंघालं बी. लई नाई, वाटीभर हाये. पन पुढच्या सालची रांग होते त्याच्यात." मागे कोंबडी ओरडत होती. "अन् आयका, तुमची ते छिटाची पाखरं दोन वापस आली. धुऱ्यावर बसून राह्यली होती. मनोहर म्हने, मारू काय? म्या म्हनलं, राहू दे, जवाईबापूले विचारते आधी. काय करू, सांगा?"

सुनंदा पोळी लाटता लाटता बाहेर आली होती. तिने पिठाचा हात फोनसाठी पुढे केला.

मी तिला खुणेने थांबवलं. "थांब जरा," मी म्हणालो, "माझा फोन आहे."